उत्तमअण्णांचा फिल्टर

उत्तमअण्णांच्या गॅरेजात दुरुस्त व्हायच्या आधी गाडीला मरावं लागे. जिवंत गाडीला अण्णा हात लावत नसत. नुसती किल्ली फिरवून बंद केलेली गाडी त्यांच्या लेखी मेलेली नव्हती, तिनं झोपेचं सोंग घेतलेलं होतं. "बंद केलीय वो अण्णा," असं गिऱ्हाईक काकुळतीला येऊन सांगे. अण्णा बॉनेटवर हात ठेवून म्हणत, "बंद केली म्हंजी मरती व्हय? नळीत अजून जोर हाय तिच्या. आधी मरू द्या, मग बघू."

परवा लातूरला लेकीची नवी गाडी सर्व्हिसिंगला नेली होती. मला काचेच्या खोलीत बसवलं, कॉफी दिली. गाडी कुठं नेली, कुणी उघडली, काही दिसलं नाही. तासाभरानं धुऊनपुसून परत. मी तिथल्या माणसाला सहज विचारलं, "फिल्टर उघडायच्या आधी दाब उतरवला होता ना?" तो हसला. "काका, हिचा पेट्रोलचा फिल्टर टाकीच्या आतच असतो. त्याला कुणी हात लावत नाही आता." एवढंच तो म्हणाला, पण मला दिवसभर उदास वाटत राहिलं. माणसाला कशाचं वाईट वाटेल याचा काही नेम नाही. मला फिल्टरचं वाटलं.

मी पाटोद्याला शाळेत विज्ञान शिकवत होतो. मांजरसुंब्याच्या रस्त्याला माझं घर, आणि भिंतीला भिंत लागून उत्तमअण्णांचं पत्र्याचं शेड. पुढं कडुलिंब, मागं त्यांच्या दोन खोल्या. 'दाब' हा धडा मी जन्मभर फुगा आणि सायकलचा पंप घेऊन शिकवला. पण दाब म्हणजे काय ते खरं मला कळलं भिंतीपलीकडं बघून.

गोष्ट सोपी आहे. पेट्रोलच्या गाडीत टाकीतला पंप नळीतून जोरानं पेट्रोल पुढं ढकलतो. वाटेत फिल्टर असतो, तो कचरा गाळतो. गाडी बंद केली तरी तो जोर नळीत कोंडून राहतो. अशात फिल्टरचा जोड सोडला तर पेट्रोल पिचकारीसारखं तोंडावर येतं, आणि जवळपास ठिणगी असली तर पुढचं सांगायलाच नको. म्हणून अण्णा आधी टाकीचं झाकण सैल करत. मग पंपाचा फ्यूज काढून खिशात घालत आणि गाडी चालू करायला लावत. पंप बंद, पण नळीत पेट्रोल शिल्लक. तेवढ्यावर गाडी चाले, मग खोके, अंग झटके आणि आपली आपण बंद पडे. वर आणखी दोनदा स्टार्टर मारायचा. मग बॅटरीची काळी वायर सोडायची, जोडाला सुती फडकं गुंडाळायचं आणि पाना हळूहळू फिरवायचा. फडकं जेमतेम ओलं झालं की अण्णा समाधानानं मान हलवत. "इमानात गेली," म्हणत. इमानात म्हणजे शांतपणे, कुणाला त्रास न देता.

हे सगळं चालू असताना शेडात कुणाची बिशाद नव्हती बिडी ओढायची. लिंबाला एक तेलाचा रिकामा डबा टांगलेला होता. येणाऱ्यानं काड्यापेटी, बिडीबंडल, लायटर त्यात टाकायचं. जमिनीवर चुन्याची एक रेघ मारलेली होती, तिच्या अलीकडं यायचं नाही. एकदा एका पुढाऱ्याची गाडी सभेला जाताना झटके द्यायला लागली म्हणून अण्णांकडं आली. मागं माणसांनी भरलेल्या चार जीपा. अण्णांनी नुसतं डब्याकडं बोट केलं.

"अण्णा, साहेब हायेत," एक कार्यकर्ता कुजबुजला.

"पेट्रोलला म्हाईत न्हाई ते," अण्णा म्हणाले.

साहेबांनी मुकाट्यानं लायटर डब्यात टाकला आणि चुन्याच्या रेघेपलीकडं उन्हात उभे राहिले. एकानं त्यांच्या डोक्यावर छत्री धरली. "किती वेळ लागंल?" साहेबांनी विचारलं. अण्णा म्हणाले, "घाई असंल तर बैलगाडीनं जा. तिच्यात फिल्टर न्हाई." गर्दीतलं कुणी हसलं नाही, मी मात्र भिंतीआड तोंड दाबून हसलो. साहेब लायटर तिथंच विसरून गेले. दुसऱ्या दिवशी तो न्यायला त्यांचा माणूस आला, तर अण्णांनी त्यालाही आधी स्वतःची काड्यापेटी डब्यात टाकायला लावली.

आता तुम्ही विचाराल, अण्णा बाहेर पाना घेऊन उभे, तर आत बसून किल्ली कोण फिरवत होतं? गाडीचा ड्रायव्हर? छे! ड्रायव्हरला अण्णा गाडीतून खाली उतरवत. "तुला चालवता येती बे, मारता येत न्हाई," म्हणत. मग शेडाच्या मागच्या दाराकडं तोंड करून पान्यानं पत्र्यावर दोनदा ठण् ठण् करत. आतून कौसाकाकू येत.

कौसाकाकू म्हणजे अण्णांची बायको. ठेंगण्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, हात भाकरीच्या पिठानं भरलेले. त्या रांजणापाशी हात धूत, पदरानं पुसत, चपला बाहेर काढून ठेवत आणि मगच ड्रायव्हरच्या जागेवर बसत. बसल्याबरोबर स्टिअरिंगला नमस्कार. पाय खाली पुरत नसत, आणि ब्रेकशी त्यांना काही देणंघेणंही नव्हतं. पाटोद्यात पेट्रोलची अशी गाडी नसेल जिच्यात काकू बसल्या नाहीत, आणि अशीही नसेल जिच्यातून त्या हातभर पुढं गेल्या.

त्यांची खुणांची भाषा ठरलेली होती. अण्णांनी बॉनेटवर पान्यानं एक टोला मारला की 'चालू कर'. गाडी मेली की दोन टोले, 'परत स्टार्टर मार'. मग काकू मान तिरकी करून ऐकत. इंजिन गप्प झालेलं आम्हा सगळ्यांना ऐकू येई, पण त्या आणखी काहीतरी ऐकत. पटलं की हॉर्न एकदा हलकेच दाबत. तो हॉर्न म्हणजे 'मेली'. मग अण्णांचे तीन टोले, 'उतर'. हॉर्न वाजल्याबिगर अण्णांनी जोडाला पाना लावल्याचं मी कधी बघितलं नाही.

पाहुणी माणसं म्हणत, "काय सफाई हाय बघा नवरा-बायकोची!" त्यांना काय माहीत, ती सफाई नव्हती. अबोला होता. बावीस वर्षांचा.

घरात कामापुरतं बोलायला त्यांनी शेळी ठेवलेली होती. तिचं नाव चंद्री. काकू चुलीपुढून म्हणत, "चंद्रे, म्हणावं भाकरी निवायलीय." अण्णा शेडातून ओरडत, "चंद्रे, म्हणावं हात धुवायलोय." ह्या बावीस वर्षांत तीन शेळ्या झाल्या, तिघींचं नाव चंद्रीच. पाव्हण्याचं लग्न, म्हाताऱ्याचं दुखणं, पत्रा उडाला, सगळं त्या मुक्या जनावराच्या कानावर. शेजारी म्हणून मला कधीकधी वाटे, त्या घरात सगळ्यात बेजार कोण असेल तर चंद्री.

हा अबोला कशावरून, ते मला दोघांनी वेगवेगळं सांगितलंय. दोघांच्या सांगण्यात फरक एकच. अण्णा म्हणतात तिथं पाच माणसं होती, काकू म्हणतात सात.

अण्णांचा हात बसला तो जुन्या जीपांवर. त्या गाड्यांत पेट्रोलला जोर असा नसे. नळी उपटायची, तोंडानं ओढायचं, थुंकायचं, झालं काम. अण्णांनी आयुष्यभर तेच केलेलं. मग एके दिवशी नव्या पद्धतीची पहिली गाडी शेडात आली. आणणारा ड्रायव्हर शहरातला. अण्णा सामान आणायला बाजारात गेलते, म्हणून जेवायला जाता जाता त्यानं काकूंना सांगून ठेवलं, "मावशी, ही जुन्या गाडीसारखी न्हाई. आधी फ्यूज काढून तिला मरू द्यायची, मग नळी सोडायची." अण्णा आले. काकूंनी भर शेडात, माणसांसमोर सांगितलं, "अवो, जरा थांबा. आधी मरू द्या म्हणं तिला."

अण्णा गाडीखालून म्हणाले, "गाडी बंद हाय. तुला काय कळतं गाडीतलं? जा, भाकरी थाप."

माणसं हसली. पाच असोत नाहीतर सात. आणि अण्णांनी जोड सोडला.

पेट्रोल सगळं डोळ्यांत. दहा पावलांवर चुलीवर चहा उकळत होता. अण्णा ओरडत सरपटत बाहेर आले ते नेमके चुलीच्या दिशेनं, दिसतच नव्हतं ना. काकूंनी पाण्याची घागर आधी चुलीवर ओतली, दुसरी अण्णांच्या डोळ्यांवर. मग त्याच माणसांच्या जीपमध्ये घालून बीडला. मांजरसुंब्याचा घाट उतरताना, कपिलधारच्या फाट्यावर, सगळ्या रस्त्यानं काकू तांब्या तांब्यानं डोळे धूत होत्या आणि अखंड बोलत होत्या. "दिसायलंय का वो? माझ्याकडं बघा. बघा माझ्याकडं. बोला की." दवाखान्यात डॉक्टरांनी तपासून सांगितलं, डोळे वाचले. काकू भिंतीला टेकून खाली बसल्या, पदरानं तोंड पुसलं आणि त्या क्षणापासून गप्प झाल्या. भीती होती तोवर बोलत होत्या, भीती गेली आणि राग आला.

मी काकूंना एकदा म्हणालो, "काकू, झालं ते झालं. कावून एवढं धरून बसलात?"

"मला काय कळत न्हाई ना सर? मग कळत न्हाई त्या माणसानं कशाला बोलावं?" त्या परातीत पीठ मळत म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, "डोळे गेले असते तर म्या जन्मभर हात धरून फिरवलं असतं. त्याचं काय न्हाई. पण चारचौघांत म्हणले. परत घ्यायचं तर चारचौघांतच घ्यावं लागंल."

हे मी अण्णांच्या कानावर घातलं. अण्णा पान्याचं ग्रीस पुसत होते. "मला म्हाईत हाय सर," ते म्हणाले. "पण ते शब्द तोंडातून निघत न्हाईत. लई बार ठरवलं. तुमी गाडी आणा, इंजिन उतरवून देतो. हे तेवढं जमत न्हाई."

शब्द निघत नव्हते म्हणून अण्णांनी दुसरं काहीतरी सुरू केलं होतं. ते मात्र माझ्या लक्षात यायला फार वर्षं गेली. शास्त्राच्या मास्तराला एवढी साधी गोष्ट कळू नये, पण नाही कळली.

गाडीचं काहीही बिघडलेलं असो, अण्णा आधी फिल्टर उघडत. वायपर चालत नाही? "आधी फिल्टर बघू." आरसा सैल झालाय? "फिल्टर बघून घेऊ." एकानं सीट फाटली म्हणून गाडी आणली, त्याचाही फिल्टर बघितला. गावानं त्यांचं नावच फिल्टरअण्णा पाडलं. मी स्वतः एकदा भांडलो. "अण्णा, मागच्या महिन्यात नवा घातलाय तुम्ही! टायरचा आणि फिल्टरचा संबंध काय?"

"पेट्रोलचा भरवसा न्हाई सर," अण्णा तोंड भलतीकडं करून म्हणाले, आणि पत्र्यावर ठण् ठण्.

नवा फिल्टर काढत, उलटा करून बघत, फुंकर मारत आणि तोच परत बसवत. त्याचा एक पैसा कुणाकडून घेतला नाही. मग एके उन्हाळ्यात काकू पंधरा दिवस माहेरी गेल्या, भावाच्या घरी लग्न होतं. त्या पंधरा दिवसांत पाटोद्यात एकाही गाडीचा फिल्टर अण्णांना बघावासा वाटला नाही. गाडी झटके देत आली तरी म्हणायचे, "पुढल्या हप्त्यात या." सोळाव्या दिवशी काकू बसमधून उतरल्या, आणि दुपारपर्यंत शेडासमोर चार गाड्यांची रांग. चारींचे फिल्टर खराब! मी भिंतीवर हात टेकून बघत होतो. काकू एकीतून उतरून दुसरीत बसत होत्या, अण्णा टोले मारत होते, काकू हॉर्न देत होत्या. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला.

अहो, तेवढंच बोलणं होतं त्यांचं! एक टोला, दोन टोले, एक हॉर्न. मध्ये काच. काचेच्या अलीकडं एक, पलीकडं एक, आणि दोघंही एकमेकांकडं बघून. बाकी दिवसभर मध्ये शेळी. मला स्वतःचीच लाज वाटली. त्यानंतर माझी गाडी नुसती धुळीनं भरली तरी मी अण्णांकडं नेऊन लावत असे. "जरा फिल्टर बघा अण्णा, शंका येतीय." अण्णा माझ्याकडं रोखून बघत आणि फ्यूज काढत.

पण दिवस थांबतात थोडेच? नव्या गाड्या आल्या, त्यांचे फिल्टर टाकीच्या पोटात गेले. डिझेलवाल्यांची तऱ्हा वेगळी, त्यांना मारायची गरज नव्हती. बाहेर फिल्टर असलेल्या पेट्रोलच्या गाड्या एकेक करून भंगारात गेल्या. महिन्याला वीस वेळा वाजणारा पत्रा चारदा वाजायला लागला, मग दोनदा. शेवटी गावात अशी एकच गाडी उरली. माझी पांढरी, अठरा वर्षांची, एका दाराला दोरी बांधलेली.

आणि नेमकी तीच मला विकायची वेळ आली. डोळ्यांत मोतीबिंदू, गुडघे गेलेले, लेक म्हणाली पाटोद्याचं घर बंद करा आणि लातूरला या. धर्मापुरीचे काशिनाथराव म्हणून एक गृहस्थ गाडी घ्यायला तयार झाले. मी अण्णांना सांगितलं तेव्हा ते स्टुलावर बसून चहा पीत होते. कप तसाच खाली ठेवला.

"कावून विकायलाव?"

"चालवता येत नाही आता."

"मग चालवू नका. हितं लावा लिंबाखाली. म्या बघत जाईन."

"बंद गाडीचं काय बघणार अण्णा?"

"फिल्टर," अण्णा म्हणाले. मग त्यांचं त्यांनाच कसंतरी झालं असावं. उठून आत गेले. दोन दिवस त्यांनी नाना सबबी सांगितल्या. गाडीचा रंग उडालाय, धर्मापुरीचा रस्ता खराब, तिथलं पाणी खारं, तिथल्या देवळाचे दगड नेताना गाड्या खचतात. हजार वर्षांपूर्वीच्या देवळाचे दगड आता कोण नेतंय, हे मी विचारलं नाही. खरं सांगतो, गाडी गेल्याचं मला काही नव्हतं. ह्या दोघांचं बोलणं मी विकून टाकतोय असं वाटत होतं, आणि ते फार लागलं मनाला.

शेवटी अण्णा म्हणाले, "द्यायच्या आधी एक डाव फिल्टर बदलून देतो. नवा. आदल्या दिवशी सांजच्याला आणून लावा." मी बाजारातून हॉर्न वाजवत वाजवत, सगळ्यांना रामराम करत गाडी आणली आणि शेडात लावली.

सकाळी काशिनाथराव आले, बरोबर त्यांचा मेहुणा. समोरचा चहावाला आला, पंक्चरवाला आला. सगळ्यांच्या काड्यापेट्या डब्यात गेल्या. अण्णांनी दाढी केलेली होती, तीही गुरुवारी. पत्र्यावर ठण् ठण् झालं. काकू आल्या, हात धुतले, चपला काढल्या. बसताना त्यांनी दाराची दोरी जरा कुरवाळली. ही शेवटची, हे त्यांनाही माहीत होतं.

एक टोला. गाडी चालू झाली. चालली, खोकली, अंग झटकलं, गेली. दोन टोले. स्टार्टर घरघरला. पुन्हा एकदा. मग सगळं शांत. काकूंनी मान तिरकी करून ऐकलं आणि हॉर्न दाबला.

हॉर्न वाजला नाही.

त्यांनी पुन्हा दाबला. मग दोन्ही हातांनी दाबला. काही नाही. अण्णा फडकं हातात घेऊन उभेच. काकूंनी काचेतून बघितलं, मान हलवून खूण केली. अण्णा हलले नाहीत.

"चला की अण्णा," काशिनाथराव म्हणाले. "गाडी बंद पडलीय, दिसतंय की."

"तुमाला न्हाई कळत ते," अण्णा म्हणाले. घसा खाकरून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मला बी न्हाई कळत. तवा बी कळत न्हवतं, उगं बोललो. हिला कळतं. ही सांगंल तवाच म्या पाना लावीन."

चहावाला, पंक्चरवाला, मेहुणा, काशिनाथराव. मी मोजले. चारचौघं भरत होते, मला धरून पाच.

काकू स्टिअरिंगकडं बघत बसल्या. मला वाटलं, उतरून आत निघून जातील. मेहुण्यानं काहीतरी विचारायला तोंड उघडलं, मी त्याचा दंड धरला. मग काच खाली आली. ती काच अर्ध्यावर अडकायची, तशी अडकली. काकूंनी तेवढ्या फटीतून तोंड बाहेर काढलं.

"मेली वो," त्या म्हणाल्या. "उघडा आता."

अण्णांनी तीन टोले मारले नाहीत. बॅटरीची वायर सोडली, जोडाला फडकं गुंडाळलं, पाना लावला. पाना दोनदा निसटला. जोड सुटला, फडकं जेमतेम ओलं झालं. "इमानात गेली," ते पुटपुटले. मी विज्ञानाचा मास्तर, पण मला पुढचं नीट दिसेना, आणि ते मोतीबिंदूमुळं नव्हतं.

नवा फिल्टर बसला. फ्यूज घातला, वायर लावली, किल्ली तीनचारदा फिरवून पेट्रोल वर आणलं, जोडावर बोट फिरवून कोरडं आहे ते बघितलं. काशिनाथराव गाडीत बसले आणि पहिल्यांदा त्यांनी काय केलं तर हॉर्न दाबला.

"सर, ह्याचा हॉर्न वाजत न्हाई की!"

मी खजील झालो. "अहो, काल संध्याकाळी सगळ्या बाजारातून वाजवत आणलीय मी."

अण्णा पुढं झाले. त्यांनी वाकून बघितलं नाही, उजेडाला टॉर्च मागितला नाही, काय झालंय ते तपासलं नाही. गाडीच्या तोंडाच्या जाळीमागं सरळ हात घातला आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत बाहेर काढला. "दाबा." हॉर्न खणखणीत वाजला. मी शेजारीच उभा होतो. अण्णांच्या मुठीत एक पांढरी चिंधी होती. सुटी वायर कुठं टेकू नये म्हणून तिच्या टोकाला कुणीतरी ती नीट गुंडाळून, बारीक गाठ मारून ठेवलेली होती.

काकू चंद्रीला दावणीला बांधून तिथंच आल्या होत्या. त्यांनी चिंधीकडं बघितलं. मग अण्णांकडं.

"तुमी काढलतं व्हय हे?"

अण्णा चिंधीची घडी घालत राहिले. एवढ्याशा चिंधीला किती घड्या घालणार?

"एक वायर काढायला बावीस वर्षं लागली व्हय वो तुमाला?"

अण्णांनी पाना उचलला आणि बॉनेटवर एकच टोला मारला. काशिनाथरावांना वाटलं आपल्यालाच, त्यांनी गाडी चालू केली, आम्हाला हात केला आणि धर्मापुरीच्या वाटेला लागले. गाडी कडुलिंबाखालून वळून दिसेनाशी झाली तरी इकडं कुणाचं लक्ष नव्हतं. काकू बोलायला लागल्या होत्या. त्या दिवशी मी थांबा म्हणलं न्हवतं का, इथून सुरुवात झाली. मग डोळे, मग जीप, मग भावाच्या घरचं लग्न, उडालेला पत्रा, अण्णांचा खोकला, सगळं एकापाठोपाठ. अण्णा स्टुलावर बसून ऐकत होते. मधूनमधून "व्हय" म्हणत होते. दावणीला चंद्री दोनदा ओरडली. तिच्याकडं कुणी बघितलं नाही.